कादंबरी स्वतःच छापायची आणि तळ्यावरची वीणही चुकवायची नाही : क्रम, कागद, पिल्लं

पाणकणीस

साठ हजार शब्दांची कादंबरी लिहून तयार आहे. कथानक पुण्याजवळच्या एका तळ्याकाठी मृगापासून दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंत चालतं. टिबुकली, हळदीकुंकू बदक, कमळपक्षी, टिटवी यांची वीण कथेतच गुंतलेली आहे. पुस्तक स्वतःच काढायचं आहे : छापील ५०० प्रती, शिवाय ई-बुक.

अडचण अशी की अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, छपाई ही सगळी कामं पावसाळ्यात येतायत, म्हणजे पाषाण तलावावर आणि आसपास पिल्लं पाण्यात उतरतात नेमकी तेव्हाच. तळं सोडायचं नाही. तर

(अ) कामांचा क्रम कसा लावावा?
(आ) कागद, बांधणी, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) यात कुठे फसतं?
(इ) पक्ष्यांना त्रास न देता काठावर बसून यातलं कोणतं काम खरोखर होतं?

'प्रकाशक गाठा' सोडून कोणताही सल्ला चालेल.

---

फर्मा१६

शेवटाकडून सुरुवात करा, म्हणजे छापखान्याच्या कॅलेंडरपासून. पुण्यातले छापखाने ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंकांत असतात. तुमचं काम घेतील, नाही कुणी म्हणणार नाही. पण ते चढेल उरलेल्या वेळात, आणि फर्मा (एकत्र छापून दुमडलेली १६ पानं) ओके करायला तुम्हाला बोलावणं येणार नाही. दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी बाइंडर डायऱ्यांमध्ये गुंततो, मार्चपासून वह्या आणि पाठ्यपुस्तकं. छोट्या कामाला बरा काळ म्हणजे दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे, नाहीतर सरळ जानेवारी-फेब्रुवारी.

हवामानाचंही म्हणणं तेच. कागद हवेतली ओल धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या रिमच्या (५०० शीटच्या गठ्ठ्याच्या) कडा लहरतात, शीट मशिनमध्ये तिरकी जाते आणि पुढच्या-मागच्या पानांच्या ओळी एकमेकींवर बसत नाहीत. गडद कव्हरवरची शाई पुरती वाळण्याआधी लॅमिनेशन झालं तर काही दिवसांनी फुगे येतात. तेव्हा पावसाळ्यात वाचन आणि पक्षी, छपाई नंतर. (अ) इथेच सुटला.

आता हिशोब. डेमी, कापून ५.५ × ८.५ इंच. १२.५ पॉइंट टाइप, १७ पॉइंट ओळ, पानाला ३० ओळी : साधारण २७० शब्द. साठ हजार शब्दांची सुमारे २२२ पानं. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रकरणांच्या आधीची मोकळी जागा धरून २४० करा. २४० म्हणजे १६ पानी बरोबर १५ फर्मे. २४४ झाली तर चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा, दुमडावा, घालावा लागतो. ती चार पानं आवळून आत घ्या, नाहीतर २४८ करून अर्धा फर्मा भरा.

२३ × ३६ इंची शीटमधून ३२ पानं निघतात. एका प्रतीला साडेसात शीट, ५०० प्रतींना ३,७५० शीट, म्हणजे साडेसात रीम. प्रत्येक फर्म्याला मशिन लावताना काही शीट जातातच, ती धरून साडेआठ ते नऊ रीम सांगा. ७० जीएसएमची (चौरस मीटरला ७० ग्रॅम) या आकाराची रीम १८.७ किलोच्या आसपास भरते. कागदवाला किलोने भाव सांगतो तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या.

आतला समास २० मिलिमीटरपेक्षा कमी नको. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानं न शिवता कण्याला ग्लूने चिकटवणं) कण्याकडून दोन-तीन मिलिमीटर घासले जातात आणि पुस्तक सपाट उघडतही नाही. १५ मिलिमीटर ठेवलेत तर वाचक पुस्तक ताणून ताणून उघडेल आणि मधली पानं सुटतील.

---

शंकेखोर

५०० कशाला? डिजिटलवर १०० काढा, संपल्या की पुन्हा १००. घरातलं कपाट तरी मोकळं राहील.

---

फर्मा१६

@शंकेखोर, बरोबर प्रश्न. १५ फर्म्यांना ऑफसेटवर ३० प्लेट लागतात, फर्म्याच्या पुढच्या बाजूला एक, मागच्याला एक. हा खर्च १०० प्रतींनाही तेवढाच आणि १,००० प्रतींनाही तेवढाच. डिजिटलला प्लेट नाही, प्रत्येक प्रतीचा दर जवळपास सारखा. दोन्ही दर एकाच दिवशी, एकाच कागदावर मागवा. २४० पानांना साधारण ३०० प्रतींच्या पुढेमागे ऑफसेट स्वस्त पडायला लागतं.

ओळखीचे, शाळा, ग्रंथालयं मिळून दीडशे प्रतींची खात्री नसेल तर डिजिटलच करा. फक्त दुसऱ्या खेपेला कागद तोच मिळेल याची हमी नसते. जाडी बदलली की कणा बदलतो आणि कव्हरची फाइल पुन्हा करावी लागते.

---

जोडाक्षर

मजकुराबद्दल. कादंबरी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केली असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. ई-बुकला दुसरा मार्गच नाही. रूपांतर झाल्यावर पहिला शोध 'र्य' चा घ्या. तळ्यावरच्या कादंबरीत 'किनाऱ्यावर' शेकडो वेळा येणार आणि त्याचं 'किनार्यावर' झालेलं असणार. तसंच 'चाऱ्यासाठी', 'वाऱ्याने', 'दऱ्या'. सरसकट बदला म्हणू नका, नाहीतर सूर्य, कार्य, आश्चर्य यांचीही वाट लागेल. एकेक बघून बदला. मग 'र्ह' शोधा, 'तऱ्हा' सापडेल. नंतर ॲ आणि ऍ. उच्चाराला सारखे, संगणकाला वेगळे. ई-बुकमध्ये वाचक एकाने शोधतो आणि मजकुरात दुसरा असतो. सगळीकडे ॲ ठेवा.

फॉन्ट असा घ्या ज्यात मराठी वळणाचे ल आणि श मुळातच आहेत. 'टिरो देवनागरी मराठी' मजकुराला चांगला आणि मोफत आहे. 'मुक्ता' शीर्षकांना चालेल, २४० पानं सलग वाचायला तो जरा सपाट वाटतो (वैयक्तिक मत, भांडायला तयार). इनडिझाइन (पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे ना ते तपासा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात.

पहिल्या वाचनाआधी एक पानाची शैलीसूची करा : पिल्लू की पिलू, टिबुकली की टिबकुली, निवेदनात 'घरटे' आणि संवादात 'घरटं' की सगळीकडे एकच. सूची नसेल तर तिसऱ्या प्रकरणात दुरुस्त केलेलं अकराव्यात परत बिघडतं.

अंतिम पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड केलेले (फाइलमध्येच घातलेले) हवेत आणि मजकुराचा काळा रंग निव्वळ काळा, १०० टक्के 'के' (छपाईच्या चार शायांतली काळी). चार रंगांचा काळा राहिला तर बारीक अक्षरांना कडेने रंगीत सावली येते.

---

कवडीकाठ

(इ) बद्दल लिहितो, जरा लांबेल.

काठावर होण्यासारखं काम एकच : छापील प्रूफ वाचणं. मांडणी, कव्हर, अर्ज ही टेबलाची कामं. लॅपटॉप नेऊ नका. पडद्यावर ऊन पडलं की काही दिसत नाही आणि पाण्याकडे लक्ष राहत नाही.

प्रूफ लेझर प्रिंटचं हवं, इंकजेटची शाई पहिल्या सरीत पसरते. एका वेळी एकच फर्मा, १६ पानं, मातकट रंगाच्या पुठ्ठ्याला दोन क्लिपांनी वर-खाली पक्का. फडफडणारा पांढरा कागद दुरून चमकतो आणि घरट्यावरचा पक्षी मान ताणून बसतो. पेन्सिल २बी, जेल पेन नको. दुर्बीण ८ × ४२ (आठपट, ४२ मिलिमीटरचं भिंग). दहापटीची पाण्यावर हलते, आणि पावसाळी पहाटेच्या उजेडात ८ × ४२ चा ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत १० × ४२ च्या ४.२ पेक्षा उजळ पडतो.

मोबाइल फक्त थरथरणारा ठेवून दर दहा मिनिटांचा गजर लावा. थरथरला की वाचन थांबवायचं, दुर्बीण लावायची आणि त्या क्षणी काय दिसतं तेवढंच एका ओळीत लिहायचं : मोठा पक्षी अंड्यांवर, पाण्यात, की पिल्लांना भरवतोय. किती पिल्लं दिसली. मग पुन्हा प्रूफ. ठरावीक क्षणी नोंद घेतली की 'काहीतरी घडलं तेव्हाच लिहिलं' असं होत नाही, आणि वाचणाराही दर दहा मिनिटांनी डोळे दूर नेतो. मुद्रितशोधनाला याहून चांगली सवय नाही.

आता टिबुकलीचं वेळापत्रक पाहा. अंडी ३ ते ५, उबवण २० ते २५ दिवस, नर-मादी आळीपाळीने. आठवड्याला पाच बैठका धरल्या तर १५ फर्म्यांना तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिलं अख्खं वाचन उबवणीत बसतं. त्या काळात तासन्‌तास काही घडत नाही, वाचन भरभर होतं. पिल्लं फुटली की पहिला आठवडा प्रूफ नेऊच नका. पिल्लं आईबापांच्या पाठीवर चढतात, पंखांत दडतात, बुडी मारताना सुटतात. हे बघताना एक ओळ वाचून होणार नाही. तो आठवडा जुळणीवाल्याला दुरुस्त्या करायला द्या. पिल्लं उडती व्हायला अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दीड महिना लागतो, त्यात दुसरं वाचन आरामात होतं.

कुठे बसायचं? अमुक फूट असा आकडा देत नाही, पक्षी देतो. टिबुकली घरट्यावरून उठताना ओलं शेवाळ आणि काड्या ओढून अंडी झाकते. तुम्ही बसल्यावर ती झाकून गेली आणि वीस मिनिटांत परतली नाही तर तुम्ही जवळ आहात, मागे सरा. झाकल्याशिवाय धडपडत पाण्यात गेली तर फारच जवळ. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली किंवा पंख मोडल्यासारखं करून पळायला लागली तर तिथून उठा, थांबून बघू नका. तेवढ्या वेळात कावळे जागा हेरतात. टिटवीची वीण मार्चपासून सुरू होते. भर उन्हात अंडी उघडी पडली तर कावळ्यांशिवायही जातात. टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते ती त्यासाठीच.

घरट्यापर्यंत चालत जाऊन 'अंडी मोजणं' नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंड्यांना, घरट्याला त्रास देणं येतं.

---

बांधावरची

+१. भर : तलावातली जलपर्णी काढायचं काम जून ते सप्टेंबरमध्ये चालू दिसलं तर नोंद करून वनविभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली तिघांची घरटी त्या गचपणात किंवा त्याच्या कडेला असतात. जलपर्णी काढायला हवीच, पण वीण उरकल्यावर.

बाकी कादंबरी छापायला जाण्याआधी एक 'पक्षी-वाचन' वेगळं करून घ्या. व्याकरण बघणाऱ्याकडून ते होत नाही. कथांमध्ये हमखास आढळणाऱ्या चुका :

कमळपक्ष्याची 'आई' अंडी उबवते. चूक. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. चार चकचकीत अंडी नर उबवतो आणि धोका दिसला की पिल्लं पंखाखाली धरून तोच नेतो, बाहेर नुसते लांब पाय लोंबताना दिसतात.

बदकीण पिल्लांच्या चोचीत घास घालते. बदकं भरवत नाहीत. हळदीकुंकवाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात पाण्यावर येतात आणि आपलं आपण टिपतात, मादी फक्त राखण करते. याउलट टिबुकली भरवते. बगळे आणि चित्रबलाक यांची पिल्लं उघडीबोडकी जन्मतात आणि कित्येक आठवडे घरट्यातच असतात.

टिटवी झाडाच्या फांदीवर बसून ओरडते. तिच्या पायाला फांदी धरवत नाही. ती जमिनीवर, बांधावर, फार तर सपाट गच्चीवर असते.

डिसेंबरात पट्टकादंब किंवा चक्रवाक पिल्लांसह. ते हिवाळी पाहुणे, त्यांची वीण हिमालयापलीकडे. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) दिसतात पण घरटी तिथे नाहीत. राखाडी रंगाची अल्पवयीन दिसली म्हणून वीण लिहू नका. भिगवणकडचीच वीण हवी असेल तर भादलवाडीच्या तलावावरचे चित्रबलाक आहेत, मात्र त्यांचा हंगाम पावसाळा नव्हे, ती घरटी उन्हाळ्यात भरलेली असतात.

वंचक पावसाळ्यात मातकट राहत नाही. विणीत त्याची पाठ गडद किरमिजी होते. जूनमधल्या प्रसंगात 'मातकट बगळा' आला की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

---

भिंगवाला

कव्हरला टिबुकलीच्या घरट्याचा जवळून घेतलेला फोटो टाका, हिरव्या पाण्यावर चार पांढरी अंडी. दुकानात उठून दिसेल.

---

बांधावरची

@भिंगवाला, नको. टिबुकली सावकाश उठली तर अंडी झाकून जाते. उघडी अंडी दिसणारा फोटो म्हणजे पक्ष्याला हुसकावून काढलेला फोटो, आणि ज्यांच्यासाठी ही कादंबरी आहे त्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. अंडी पांढरी असतील तर नुकतीच घातलेली, कारण सडक्या काड्यांनी ती लवकरच तपकिरी होतात. म्हणजे घरटं सोडून देण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते त्या दिवसांत कुणीतरी तिथे गेलं होतं. बऱ्याच छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. पाण्यावर मोकळं पोहणारं जोडपं आणि पाठीवर पट्टेरी डोक्याचं पिल्लू, दुरून घेतलेलं, हे चालेल. किंवा सरळ चित्र काढून घ्या.

---

फर्मा१६

चित्रालाच माझं मत. दुरून घेतलेला फोटो कातरला की पुरत नाही. पुढच्या कव्हरला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी कडेबाहेरची छपाई) धरून ३०० डीपीआयला किमान १,७०० × २,६५० पिक्सेल हवेत, तेही कातरल्यानंतरचे.

फोटो दुसऱ्याचा असेल तर परवानगी लेखी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ई-बुक जगभर विकलं जातं. तेव्हा 'छापील, ई-बुक आणि जाहिरात, सर्व देश, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' असं स्पष्ट लिहा. आत कुठल्या गाण्याच्या ओळी घेतल्या असतील तर तेच. कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क चालू असतो.

कण्याची जाडी अंदाजाने काढू नका. १२० पानपत्रं × एका पत्राची जाडी. ७० जीएसएमचा साधा मॅपलिथो (पुस्तकांचा नेहमीचा कागद) ०.०९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ११ मिलिमीटरच्या थोडं अलीकडे. त्याच वजनाचा बल्की (फुगीर) कागद घेतलात तर दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतात. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, मोजा, मगच कव्हर पक्कं करा.

---

खातेवही

कागदोपत्री बाजू.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. यासाठी पैसे मागणाऱ्या 'पॅकेज'वाल्यांच्या क्रमांकावर प्रकाशक म्हणून त्यांचीच नोंद असते, हे सही करण्याआधी समजून घ्या. छापील आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक. मजकूर न बदलता पुन्हा छापलं तर जुनाच चालतो. अर्ज जुलैतच करा, ऑक्टोबरची वाट बघू नका.

क्रमांक श्रेयपानावर टाइप करताना एखादा अंक हमखास इकडचा तिकडे होतो. तपासायची रीत : १३ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, तिला १० ने पूर्ण भाग जायला हवा. बारकोड मूळ आकाराच्या ८० टक्क्यांखाली नको (साधारण ३० × २१ मिलिमीटर), आणि पांढऱ्यावर काळाच. लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत.

कॉपीराइट लिहिता क्षणी मिळतो, नोंदणी ऐच्छिक. करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, आणि अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं.

ग्रंथप्रदान कायदा १९५४ लोक विसरतात. प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी. दंड किरकोळ आहे, पण पन्नास वर्षांनी पुस्तक सापडेल ते तिथेच.

किंमत. समजा प्रतीचा सगळा खर्च १०० रुपये आला आणि छापील किंमत ३५० ठेवली. वितरक ४५ टक्के घेईल, हाती १९२.५०. त्यातून खर्च गेला, ९२.५० उरले. त्यात टपाल, भेटप्रती, परत आलेल्या मळक्या प्रती. २५० किंमत ठेवलीत तर हाती १३७.५० आणि पहिल्या तीनशे प्रतींत पैसे मोकळे होण्याची आशा सोडा. खर्चाच्या साडेतीन ते चार पट हा हिशोब धरा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात प्रती विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवल्यात तर चलनावर प्रतींची संख्या आणि परतीची तारीख लिहून घ्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-बुकवर ५ टक्के, नसेल तर १८.

किंडलवर मराठी ई-बुक चालतं, आयएसबीएनची सक्ती नाही. 'केडीपी सिलेक्ट'ला (फक्त किंडलवरच विकायच्या योजनेला) हो म्हणाल तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मुदत आपोआप पुढे सरकते, नको असेल तर खूण आधीच काढा.

---

शंकेखोर

७० की ८० जीएसएम? ८० हाताला बरा लागतो.

---

खातेवही

वजन करून बघा. डेमी २४० पानं ७० जीएसएमवर २५३ ग्रॅम, ३०० जीएसएमचं कव्हर १९ ग्रॅम, एकूण २७२. ८० वर तेच ३०८. टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टचा (मे २०२५ पासून) पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा आहे. ७० वर पाकिटाला २८ ग्रॅम उरतात, ८० वर पाकिटाआधीच पुढचा टप्पा. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा गठ्ठा घेऊन जाण्याआधी एक प्रत काउंटरवर दाखवून घ्या. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवंच.

---

पाणकणीस

वाखूसा (वाचनखूण साठवली). ७० जीएसएम, चित्राचं कव्हर, छपाई दिवाळीनंतर असं ठरतंय. दोन शंका. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, तो गाठावा का? आणि काठावरच्या नोंदी कादंबरी झाल्यावर कशा वापराव्यात?

---

कवडीकाठ

नोंदी ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) टाका, विणीचे संकेत लावून : घरट्यावर बसलेला, चारा नेणारा, उडती न झालेली पिल्लं, प्रत्येकाला वेगळा संकेत आहे. टिबुकली किंवा टिटवीची जागा तळ्याच्या नावाने दिली की पुरे, घरट्याचा नेमका बिंदू देऊ नका. नदी सुरयसारखा पक्षी असेल तर वीण संपेपर्यंत थांबून मग टाका. त्याची अंडी नदीतल्या उघड्या वाळूवर असतात, कुत्री आणि बघे दोन्ही तिथे पोचतात. कादंबरीतही खरं तळं असेल तर घरट्याची वाट सापडेल इतकं वर्णन करू नका. एखादा बांध इकडचा तिकडे करा.

---

फर्मा१६

महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात होतोय. गाठायचा तर तयार प्रती नोव्हेंबरअखेर हातात हव्यात. नाही जमलं तर सोडा. महोत्सवासाठी घाईने बांधलेल्या प्रती तिथेच उलगडतात. आणि डिसेंबरअखेर रेटून छापलंत तर श्रेयपानावर जुनं साल पडतं, आठवड्यात पुस्तक 'गेल्या वर्षीचं' होतं. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठीही प्रकाशनाचं वर्ष मोजलं जातं, तेव्हा साल विचार करून टाका.

बांधणीवाल्याला दोन गोष्टी आधी सांगा : कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवा, आणि ग्लू लावल्यावर प्रती वजनाखाली रात्रभर ठेवून मग कापायच्या. ग्रेन आडवा गेला तर पहिल्या पावसाळ्यात पुस्तक कण्याकडे लाटा धरतं. थोडे जास्त पैसे असतील तर फर्मे शिवून घ्या, २४० पानांना शिलाई शोभते आणि पुस्तक सपाट उघडतं.

पहिल्या दहा प्रती आल्या की बाकीच्यांना ग्लू लावायच्या आधी हे बघा : फर्म्यांचा क्रम (कव्हर चढण्याआधी कण्यावरच्या पायरीच्या काळ्या खुणा एका तिरप्या रेषेत हव्यात, खूण निसटली म्हणजे फर्मा चुकला किंवा दुबार आला), एका प्रतीचं मधलं पान धरून अख्खं पुस्तक त्यावर उचलून पाहा, कव्हरची घडी लॅमिनेशन फोडते का, कण्यावरचं नाव मधोमध आहे का. एखादा फर्मा उलटा निघाला तर तो बदलता येतो, पण ग्लू लावण्याआधीच. उलट्या फर्म्याची प्रत बाजूला काढून बाइंडरसमोरच फाडा, नाहीतर ती गठ्ठ्यात परत जाते.

---

जोडाक्षर

आणि त्या दहांतली एक प्रत 'किनार्यावर' शोधायला माझ्याकडे पाठवा. एक तरी सापडेल.